तिसऱ्यांदा तीच स्थिती आली, तरी डाव का संपला नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या १० मिनिटांच्या डावात तुम्ही पांढरी घेऊन खेळत होता आणि एक हत्ती कमी होता. काळ्याचा राजा जी८ आणि एच७ या दोन घरांत अडकला होता. तुम्ही वजिराने ई८ आणि एच५ वरून आलटून पालटून शह देत होता. पाच शह झाले तरी डाव संपेना. तीच स्थिती तीनदा आली की बरोबरी, हा नियम इथे चालत नसावा असे समजून तुम्ही शह सोडला, एक प्यादे मारले आणि पुढच्या काही चालींत तुमच्यावर मात झाली. त्याआधी चेस डॉट कॉम या दुसऱ्या संकेतस्थळावर बरोबर उलटे घडले होते. तिथे तुम्ही जिंकत होता, 'सलग तीनदा' काहीच झाले नव्हते आणि तरी डाव एकाएकी बरोबरीत सुटला. दोन्हीकडे आपल्यावर अन्याय झाला का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

दोन्ही निकाल नियमाला धरून आहेत. पहिल्या डावात तुमचा बरोबरीचा अर्धा गुण हक्काचा होता आणि तो मागायचा राहून गेला, एवढे मात्र खरे. मी अनेक वर्षे मुलांना शिकवतो आणि स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभा राहतो. ऑनलाइन खेळून तयार झालेल्या खेळाडूंचे सगळ्यात जास्त अर्धे गुण याच नियमापायी जाताना मी पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमावलीत हे कलम ९.२ आहे. एकच स्थिती निदान तिसऱ्यांदा पटावर आली, किंवा तुमच्या पुढच्या चालीने येणार असली, तर ज्याची चाल आहे त्या खेळाडूने योग्य दावा केल्यावर डाव बरोबरीत सुटतो. यात महत्त्वाचा शब्द 'दावा' आहे. तिसरी वेळ आली म्हणून डाव आपण होऊन संपत नाही. दोघांपैकी कोणी मागणी केली नाही तर खेळ पुढे चालू राहतो आणि त्यात नियमभंग नसतो. आपोआप संपणे हे त्यापुढचे कलम आहे, ९.६. तीच स्थिती पाचव्यांदा आली तर कोणी मागो न मागो, डाव बरोबरीत. ही तरतूद १ जुलै २०१४ पासून लागू झाली. 'सततचा शह' नावाचा वेगळा नियम आजच्या नियमावलीत नाही. शहामागून शह देऊन मिळणारी बरोबरी याच पुनरावृत्तीच्या, नाहीतर ५० चालींच्या (तेवढ्या चालींत प्यादे हलले नाही आणि काही मारले गेले नाही तर मागता येणाऱ्या बरोबरीच्या), नाहीतर आपसांतल्या संमतीच्या वाटेने येते.

लिचेस हे कलम जसेच्या तसे पाळते. तिसऱ्या वेळेला दावा करायचा, पाचव्या वेळेला आपोआप. चेस डॉट कॉमने खेळाडूच्या वतीने निर्णय घेऊन टाकला आहे. तिसऱ्यांदा तीच स्थिती आली की तिथे डाव संपतो, कोणाला काही मागावे लागत नाही. दोन्ही पद्धतींमागे विचार आहे. मला स्वतःला लिचेसची पद्धत जास्त आवडते, कारण तिथे सवय लागलेला खेळाडू लाकडी पटासमोर बसल्यावर गोंधळत नाही.

आता तुमचा डाव हळूहळू पाहू. तुमचा वजीर दुसरीकडून ई८ वर आला, पहिला शह. त्या क्षणाची स्थिती अशी: वजीर ई८, काळा राजा जी८, चाल काळ्याची. हिला 'अ' म्हणू. राजा एच७ ला गेला, चाल तुमची, ही 'ब'. वजीर एच५, दुसरा शह, ही 'क'. राजा परत जी८, ही 'ड'. तिसऱ्या शहाला 'अ' दुसऱ्यांदा आली आणि पाचव्या शहाला तिसऱ्यांदा. तिसरी वेळ झाली खरी, पण त्या क्षणी चाल काळ्याची होती. तो जिंकत होता, तो कशाला बरोबरी मागेल? त्याने राजा एच७ ला नेला. आता 'ब' तिसऱ्यांदा आली आणि चाल तुमची होती. याच क्षणी पडद्यावर तिहेरी पुनरावृत्तीची सूचना आणि दाव्याचे बटण आलेले असते. मोबाइलवर नजर पटावर आणि घड्याळावर खिळलेली असते, त्यामुळे ते अनेकांच्या लक्षात येत नाही. ते दाबले असते तर डाव तिथेच बरोबरीत सुटला असता. दुसरे म्हणजे, काही न दाबता नुसते शह देत राहिला असता तरी नवव्या शहाला 'अ' पाचव्यांदा आली असती आणि डाव आपोआप संपला असता. तिसऱ्या वेळेला काही झाले नाही म्हणून धीर सोडून शह थांबवणे, एवढीच वाट घातक होती आणि नेमकी तीच निवडली गेली.

लिचेसवर बरोबरी घेण्याच्या तीन रीती आहेत. एक ते बटण. दुसरी रीत फार थोड्यांना ठाऊक असते, पण तीच फिडेच्या नियमाच्या सर्वांत जवळची आहे: ज्या चालीने तिसरी पुनरावृत्ती होणार आहे ती चाल खेळण्याआधी बरोबरीचा प्रस्ताव द्यायचा आणि मग ती चाल खेळायची. प्रतिस्पर्ध्याने प्रस्ताव धुडकावला तरी बिघडत नाही, चाल पडताच तो दावा म्हणून धरला जातो. तुमच्या डावात पाचव्या शहाआधी प्रस्ताव दिला असता तर काळ्याला उत्तर द्यायची संधीच मिळाली नसती. तिसरी रीत सेटिंगमधली. खात्याच्या पसंतींमध्ये, खेळाच्या वर्तनाच्या विभागात, तिहेरी पुनरावृत्तीला आपोआप दावा करायचा का, असे विचारलेले असते आणि तीन पर्याय असतात: कधीच नाही, नेहमी, किंवा घड्याळात ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ उरला असेल तेव्हा.

तो तिसरा पर्यायच अनेकांच्या गोंधळाचे मूळ आहे. तो चालू असेल तर ब्लिट्झच्या, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावाच्या, शेवटच्या धावपळीत डाव आपोआप बरोबरीत सुटतो, आणि दोन मिनिटे शिल्लक असलेल्या डावात तसाच शहांचा फेरा होऊनही काही घडत नाही. खेळाडूला वाटते, संकेतस्थळ मनाला येईल तसे वागते. खरे तर ते फक्त घड्याळाकडे पाहत असते. तुमच्याही बाबतीत बहुधा हेच झाले असेल. एकदा सेटिंग उघडून पाहा. 'नेहमी' हा पर्याय निवडण्यापूर्वी मात्र विचार करा. तो चालू असला की तुम्ही जिंकत असताना नजरचुकीने तिसऱ्यांदा तीच स्थिती आणलीत तरी डाव संपतो. तुम्ही वरचढ आहात की अडचणीत, हे सेटिंग बघत नाही. बचावात चिवट आणि वेळेच्या तंगीत सापडणाऱ्या खेळाडूंना मी ३० सेकंदांचा पर्याय सुचवतो, बाकी वेळ स्वतः मोजायची सवय ठेवायला सांगतो.

बुलेट, म्हणजे एकदोन मिनिटांचे डाव, खेळणाऱ्यांसाठी आणखी एक धोका आहे, आगाऊ टाकून ठेवलेल्या चालीचा. तुमची पुढची चाल आधीच नोंदवलेली असेल तर प्रतिस्पर्ध्याची चाल पडताच ती खेळली जाते आणि बटण दाबायला क्षणही उरत नाही. सततच्या शहाने बरोबरी साधायची असेल तर तिसऱ्या फेऱ्यात आगाऊ चाल टाकू नका, नाहीतर प्रस्ताव आधी देऊन ठेवा.

आता चेस डॉट कॉमवरचा डाव. 'सलग तीनदा झाले नव्हते' हे तुमचे म्हणणे बरोबर असेल, पण सलग होण्याची अटच नाही. नियम मोजतो ती स्थिती. कोणत्या चालींनी तिथे पोहोचलात याच्याशी त्याला देणेघेणे नाही. १९७१ साली ब्वेनोस आइरेसमध्ये बॉबी फिशर आणि टिग्रान पेत्रोस्यान यांच्या सामन्यातल्या तिसऱ्या डावात हे माजी विश्वविजेत्याच्या बाबतीत घडले. पेत्रोस्यान काळी घेऊन खेळत होता आणि त्याची बाजू वरचढ होती. फिशरचा वजीर ३०व्या चालीला ई२ वर आला, ३२व्या चालीला पुन्हा आला. पहिल्या फेऱ्यात काळ्याचा वजीर बाहेर जाऊन परत आला होता, दुसऱ्या फेऱ्यात काळ्याचा हत्ती. चाली वेगळ्या, त्यामुळे काही परत परत घडते आहे असे वाटायला जागाच नव्हती. पण ३४व्या चालीला वजीर ई२ वर ठेवला की तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार होती. फिशरने ते हेरले आणि बरोबरी मागितली.

तुमच्या डावातही २५व्या, ३१व्या आणि ४०व्या चालीला तीच स्थिती आली असेल तर मधल्या चाली काहीही असोत, डाव बरोबरीतच सुटणार. दोन पुनरावृत्तींच्या मध्ये कितीही चाली गेल्या तरी चालते, फक्त त्या काळात प्यादे हललेले नसावे आणि सोंगटी मारली गेलेली नसावी. तसे झाले की जुनी स्थिती कायमची मागे पडते.

मोजताना आणखी एक घोटाळा होतो. लोक पुनरावृत्ती मोजतात, नियम स्थितीच्या वेळा मोजतो. दोघांनी सुरुवातीलाच घोडा एफ३, घोडा एफ६, मग दोन्ही घोडे परत घरी, आणि हेच सारे पुन्हा एकदा केले, तर चौथ्या चालीला डाव बरोबरीचा होतो. 'आम्ही तर दोनदाच केले' असे मुले सांगतात. पण मांडलेला पट ही पहिली वेळ असते, पहिल्या फेऱ्यानंतर दुसरी आणि दुसऱ्या फेऱ्यानंतर तिसरी. चेस डॉट कॉमवर 'लवकर' संपलेल्या डावांच्या तक्रारींपैकी पुष्कळशा इथेच मिटतात.

'तीच स्थिती' म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवे. त्याच प्रकारच्या आणि रंगाच्या सोंगट्या त्याच घरांत हव्यात, चाल त्याच खेळाडूची हवी आणि दोघांच्याही सर्व सोंगट्यांना शक्य असलेल्या चाली त्याच हव्यात. दोन घोड्यांनी आपसांत जागा बदलल्या तरी स्थिती तीच राहते, कारण कोणता घोडा कुठून आला हे नियम विचारत नाही. पण चाल कोणाची हे मात्र तो काटेकोर विचारतो. १९७२ च्या रेक्याविकच्या विश्वविजेतेपद सामन्यात २०व्या डावात फिशरने पुनरावृत्तीचा दावा करण्यासाठी पंचांना बोलावले. पंचांनी निर्णय देण्याआधीच प्रतिस्पर्धी बोरिस स्पास्कीने हरकत न घेता सही केली. नंतर तपासल्यावर दिसले की ती मांडणी पांढऱ्याच्या ४८व्या आणि ५०व्या चालीनंतर आली होती, पण तिसऱ्यांदा आली ती काळ्याच्या ५४व्या चालीनंतर. म्हणजे चाल करणारा बदलला होता आणि दावा मुळात चूक होता. दोघांची संमती झालेली असल्याने निकाल तसाच राहिला. संगणक अशी गफलत करत नाही. त्यामुळे डोळ्यांना तिसरी वाटणारी वेळ संकेतस्थळ मोजत नसेल, तर आधी चाल कोणाची होती ते पाहा.

शक्य चालींच्या अटीत किल्लेकोटाचा, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा, हक्क येतो, आणि याचे सर्वांत सुंदर उदाहरण ऑनलाइन बुद्धिबळातच आहे. १५ मार्च २०२१ रोजी मॅग्नस कार्लसन आणि हिकारू नाकामुरा यांनी ऑनलाइन स्पर्धेत एक डाव हसत खेळत सोडला. ई४, ई५, मग पांढरा राजा ई२, काळा राजा ई७, राजा ई१, राजा ई८, पुन्हा ई२, ई७, ई१, ई८, आणि सहाव्या चालीला ई२, ई७. तिथे बरोबरी. लोकांनी त्यातली गंमत पाहिली, मी मात्र हा डाव विद्यार्थ्यांकडून मोजून घेतो. दोन्ही राजे आपापल्या घरी, दोन प्यादी पुढे, चाल पांढऱ्याची: ही मांडणी पहिल्या चालीनंतर, तिसऱ्या चालीनंतर आणि पाचव्या चालीनंतर दिसते. मग डाव पाचव्या चालीलाच का संपला नाही? कारण पहिल्या चालीनंतर दोघांनाही किल्लेकोटाचा हक्क होता. राजा एकदा हलला की तो हक्क गेला, मग राजा घरी परतला तरी स्थिती ती राहत नाही. त्यामुळे खरी मोजणी दोन्ही राजे वर आल्यापासून सुरू होते: दुसऱ्या चालीनंतर एक, चौथ्यानंतर दोन, सहाव्यानंतर तीन. हा एक डाव पटावर मांडून स्वतः मोजलात तर किल्लेकोटाची अट पुन्हा विसरणार नाही.

तसेच एन पासांचे. तुमचे प्यादे ई५ वर आहे आणि काळ्याने डी७ चे प्यादे दोन घरे पुढे डी५ वर आणले, तर त्या एका चालीपुरता तुम्हाला ते एन पासां, म्हणजे जणू एकच घर पुढे आले असे धरून, मारायचा हक्क असतो. तो न वापरता सोंगट्या फिरून परत तीच मांडणी आली तर ती पहिली वेळ धरली जात नाही, मोजणी दुसऱ्या वेळेपासून सुरू होते.

संकेतस्थळाने बरोबर मोजले का, हे तुम्हाला घरबसल्या तपासता येते. डाव विश्लेषणात उघडा आणि संशय असलेल्या प्रत्येक ठिकाणची फेन ओळ, म्हणजे सगळी स्थिती एका ओळीत लिहिलेली नोंद, उतरवून घ्या. तिचे सहा भाग असतात. पहिला सोंगट्यांची मांडणी, दुसरा चाल कोणाची, तिसरा किल्लेकोटाचे हक्क, चौथा एन पासांचे घर. हे चार जुळले तर स्थिती एकच. शेवटचे दोन आकडे चालींच्या मोजणीचे असतात, ते वेगळे असणारच, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. चौथ्या भागात थोडी सावधगिरी हवी. काही प्रणाली प्यादे दोन घरे पुढे आले की ते घर लिहून मोकळ्या होतात, शेजारी मारायला प्यादे असो वा नसो. तेवढ्या फरकाने स्थिती वेगळी होत नाही. विश्लेषणात इंजिनने, म्हणजे चाली शोधणाऱ्या संगणक प्रणालीने, ०.०० (समसमान) दाखवले म्हणून डाव बरोबरीत सुटला असेही समजू नका. स्टॉकफिशसारखी इंजिने पुढच्या चाली शोधताना एखादी स्थिती एकदा परत आली तरी तिला बरोबरी धरून चालतात. पटावर मात्र तिसरी वेळ यावी लागते.

जिंकत असलेल्या बाजूने काय करायचे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या दुसऱ्या डावाचे उत्तर तिथेच आहे. चेस डॉट कॉमवर दुसरी वेळ हीच धोक्याची घंटा समजायची. ३ मिनिटे अधिक प्रत्येक चालीला २ सेकंद अशा डावात एखादी चाल परतवून घड्याळात थोडे सेकंद जमवणे ही जुनी आणि चांगली युक्ती आहे, ती जरूर वापरा. पण एकदाच. त्यानंतर असे काही खेळा जे मागे घेता येत नाही, म्हणजे प्याद्याची चाल किंवा सोंगटी मारणे. एखाद्या कडेचे प्यादे एक घर पुढे गेले तरी मागची सारी मोजणी पुसली जाते. शह चुकवताना राजाला त्याच दोन घरांत नाचवू नका, तिसरे घर शोधा, सोंगटी मध्ये घाला, गरज पडली तर एक प्यादे द्या पण फेरा तोडा. २०२४ च्या सिंगापूरच्या विश्वविजेतेपद सामन्यात सहाव्या डावात तेव्हाचा विश्वविजेता डिंग लिरेनने पुनरावृत्तीची वाट खुली केली होती. गुकेशने काळी असूनही ती नाकारून वजीर एच४ ला नेला आणि खेळ लांबवला. तो डाव पुढे बरोबरीतच सुटला, पण निर्णय गुकेशने मोजून आणि जाणून घेतला होता. तुमच्या हातून जे निसटले ते हेच. डाव बरोबरीत जातोय हे डाव संपल्यावर कळले.

शेवटी लाकडी पटाबद्दल, कारण तुम्ही लवकरच जिल्हा स्पर्धेत उतरणार असल्याचे लिहिले आहे. ऑनलाइन खेळून आलेली मुले चाल खेळून, घड्याळ दाबून मग हात वर करतात आणि म्हणतात, "सर, तीनदा झालं." तोवर चाल प्रतिस्पर्ध्याची झालेली असते आणि हक्क हातून गेलेला असतो. तुमच्या चालीने तिसरी वेळ येणार असेल तर सोंगटीला हात न लावता ती चाल आधी स्कोअरशीटवर, म्हणजे चाली नोंदवायच्या कागदावर, लिहा, घड्याळ थांबवा आणि पंचांना बोलावून सांगा की ही चाल खेळून तिसऱ्यांदा तीच स्थिती येते. सोंगटीला खेळण्यासाठी हात लावला की त्या चालीपुरता दाव्याचा हक्क संपतो. प्रतिस्पर्ध्याच्या चालीने तिसरी वेळ आली असेल तर काही लिहायची गरज नाही, घड्याळ थांबवून तसे सांगायचे. रॅपिड आणि ब्लिट्झ या कमी वेळाच्या डावांत चाली लिहिणे सक्तीचे नसते, तरी दावा करता येतो. फक्त तिन्ही वेळा पंचांना पटवून देणे अवघड जाते, म्हणून दुसऱ्या वेळेलाच पंच जवळ आहेत का ते पाहून ठेवा.

केलेला दावा मागे घेता येत नाही. तो चुकीचा ठरला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून मिळतात आणि तुम्ही जी चाल लिहिली होती तीच खेळावी लागते. म्हणून लिहिण्याआधी स्कोअरशीटवर मागे जाऊन तिन्ही ठिकाणी खूण करा आणि प्रत्येक ठिकाणी चाल कोणाची होती, किल्लेकोटाचा हक्क शिल्लक होता का, हे पाहा. वेळ तुमचा जात असतो, पण हे पाहायला अर्धे मिनिट पुरते.